अब्जांश तंत्रज्ञान : धोके आणि नियमन

सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण तयार करताना व वापरताना आरोग्याला आणि पर्यावरणाला संभवणारे धोके व त्यांवरील कायदेशीर नियंत्रण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पदार्थ इतका बारीक झाला की वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि शरीरातले त्याचे वागणे बदलते. कामाच्या जागेची हवा तपासताना मात्र रसायन बहुधा वजनातच मोजतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. पांढऱ्या रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक भुकटीसाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने २०११ मध्ये घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली; त्याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म भुकटीसाठी अवघी ०.३ मिलिग्रॅम. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील रसायनांच्या अनुसूचीत असा भेद केलेला नव्हता.

लांब, ताठ कार्बन नलिका (कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करतात, असे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्यांपैकी एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ‘संभाव्य कर्ककारक’ ठरवले. ॲस्बेस्टॉसचे दुष्परिणाम कामगारांच्या छातीत दशकांनी उघड झाले होते, म्हणून ही तुलना हलक्यात घेता येत नाही. भुकटी दळणारा, चाळणारा आणि गोणी भरणारा माणूस या कणांना सर्वांत आधी सामोरा जातो. तोंडावर बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही.

युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर नॅनो घटकांचा उल्लेख सक्तीचा आहे. खाद्यपदार्थांतील टायटॅनियम डायऑक्साइडवर तिथे २०२२ मध्ये बंदी आली. भारतात नॅनो संशोधनाला चालना देणारे सरकारी ‘नॅनो मिशन’ २००७ मध्ये सुरू झाले. नॅनो औषधांसाठी २०१९ मध्ये, शेती व खाद्य उत्पादनांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. २०२१ मध्ये नॅनो युरिया या द्रवरूप खताचा खत नियंत्रण आदेशात समावेश झाला. स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही.

मुंबईत पवईची आयआयटी, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि तिथलीच केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या क्षेत्रात काम करतात. कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी केंद्रीय श्रम संस्था शीवला, म्हणजे माटुंग्याला लागूनच आहे. नव्या पदार्थाच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांबरोबरच तो हाताळणाऱ्यांच्या श्वासातल्या हवेची मोजणी सुरू करायला या शहराइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल.

जंतुरोधक कपड्यांतली नॅनो कणांच्या रूपातली चांदी धुण्याच्या पाण्यात उतरते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही ती मारक ठरू शकते, त्यामुळे खाड्यांत आणि समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या शहराला हा प्रश्न कारखान्याच्या कुंपणाबाहेरही भेडसावतो.