सोबती किती अंतरावर असावा?

पहाटे सव्वापाचला पाम बीच रस्त्यावर वाशीकडून बेलापूरकडे निघालेल्या आमच्या दोन सायकलींमध्ये जेमतेम हातभर अंतर असते. पुढचा सायकलस्वार डावा हात खाली नेऊन बोटाने रस्ता दाखवतो, तेवढ्यावरून मागच्याला खड्डा आहे हे कळते आणि तो हँडल किंचित वळवतो. माझा सोबती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, मला दादा म्हणतो आणि माझ्यापेक्षा थोडा वेगवान आहे. ठाण्याहून विटावा, ऐरोली, घणसोली करत आम्ही येथवर येतो ते ट्रायथलॉनच्या सरावासाठी. ऑलिंपिकमध्ये सन 2000च्या सिडनी स्पर्धेपासून समाविष्ट असलेल्या या प्रकारात 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणे हे तिन्ही टप्पे सलग पार करायचे असतात. हा सराव एकट्याने होत नाही असे नाही. मात्र सोबत असली की हुरूप येतो, एवढ्यावर समाधान मानायचे नसेल, तर सोबतीने शरीरात आणि शरीराबाहेर नेमके काय बदलते हे पाहण्यासारखे आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टी दोघांमधील अंतरावर अवलंबून असतात.

सर्वांत सोपी गोष्ट हवेची. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून ताशी 25 किलोमीटरवरून 30 वर जायचे, तर वेग वाढतो पाचव्या हिश्शाने, पण केवळ हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे 73 टक्क्यांनी वाढते. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची साधारण तीन-चतुर्थांश ताकद हवेशी झगडण्यातच जाते. पुढच्या सायकलस्वाराच्या पाठीमागे हवा आधीच ढवळलेली आणि पुढे सरकत असलेली असते, त्यामुळे तेथे चाकाला चाक लावून जाणाऱ्याची पाव ते तृतीयांश शक्ती वाचू शकते. सायकलवाले याला ड्राफ्टिंग म्हणतात. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असल्यामुळे पोहण्यात वेग अगदी कमी असूनही हा लाभ मिळतो आणि पुढच्याच्या पावलांमागे राहून पोहणारा कमी दमतो.

पण ठाण्यातील येऊरच्या डोंगरचढावर हे सारे गणित कोलमडते. सहा टक्के चढ आणि ताशी 10 किलोमीटर वेग धरला, तर हवेचा वाटा शंभरात तीन-चारवर येतो आणि बाकी बहुतेक सारी ताकद गुरुत्वाकर्षणाच्या वाट्याला जाते. तेथे सोबत्याच्या पाठीमागे लपून काहीही वाचत नाही. तरीसुद्धा घड्याळ मला दर वेळी सांगते की त्याच्याबरोबर मी तो चढ एकट्यापेक्षा लवकर चढतो. हवेचा संबंध संपल्यावरही जे उरते, ते काय आहे?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका अमेरिकन संशोधकाला पडला होता, आणि तोही सायकलींवरूनच. नॉर्मन ट्रिपलेटने शर्यतींच्या अधिकृत नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यांपेक्षा सोबत असलेले स्पर्धक स्पष्टपणे वेगवान आढळले. पुढच्याच्या आडोशाचा फायदा ही शक्यता त्याने स्वतःच मांडली होती. म्हणून हवा बाजूला काढण्यासाठी त्याने 40 मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला लावली, कधी एकट्याने तर कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी. 1898 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात निम्मी मुले शेजारी कोणी असताना वेगवान झाली, काहींवर फारसा परिणाम झाला नाही आणि काही तर उत्तेजित होऊन गोंधळली आणि मंदावली. आजच्या संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते आकडे फारसे भक्कम ठरत नाहीत, पण शेवटच्या गटाची त्याने प्रामाणिकपणे केलेली नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण असे गोंधळलेले चेहरे प्रत्येक तरणतलावावर दिसतात.

याच्या उलट निष्कर्षही उपलब्ध आहे. फ्रान्समधील कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन याने माणसांना दोर ओढायला लावून पाहिले. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर घटत गेला. दोरावर कोणाचा जोर किती हे दिसत नाही, आणि तेथे अंग राखून ओढणे शक्य असते. ट्रायथलॉनच्या सरावात तशी सोय नाही, कारण मागे पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

मग सोबती कसा असावा? याचे सर्वांत नेमके उत्तर जर्मनीत, 1920च्या दशकात, वल्हवणाऱ्या खेळाडूंवर झालेल्या प्रयोगांतून मिळाले. ओटो क्योलरने त्यांना आधी एकेकट्याने आणि नंतर जोडीने वजन उचलायला लावले. जोडीतला एक थांबला की दोघांचाही प्रयत्न संपणार अशी योजना होती. अशा वेळी दुबळा गडी एकट्याने जितका टिकला असता त्याहून जास्त टिकला. मात्र हा परिणाम दोघांची ताकद सारखी असताना किंवा फारच विषम असताना मंदावला, आणि फरक मध्यम असताना सर्वाधिक दिसला. बरोबरीच्या गड्याकडे पाहून वर खेचले जाण्यासारखे काही नसते आणि फार पुढे असलेल्याला गाठण्याचा विचारच मनात येत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. 2012 साली अमेरिकेत स्थिर सायकलवर झालेल्या एका प्रयोगात एकट्या सहभागी स्त्रिया सरासरी 11 मिनिटांच्या आसपास टिकल्या. पडद्यावर दिसणारी, आपल्यापेक्षा थोडी सरस सोबतीण आहे आणि आपण थांबलो की जोडीचा प्रयत्न संपतो, असे ज्यांना सांगितले होते, त्या सुमारे 22 मिनिटे टिकल्या. ती सोबतीण प्रत्यक्षात आधीच चित्रित केलेली होती, ही बाब मला आजही थोडी खट्याळ वाटते.

वेदनेच्या बाबतीतही असेच काही घडते. 2010 साली ऑक्सफर्डच्या 12 वल्हवपटूंवर केलेल्या लहानशा अभ्यासात, त्यांनी यंत्रावर तेवढाच सराव एकदा एकट्याने आणि एकदा चमूसह केला, आणि नंतर रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळून त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली. चमूसह सराव केल्यानंतर ती अधिक वाढलेली आढळली. एंडॉर्फिन ही मेंदूतील नैसर्गिक वेदनाशामके त्यामागे असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

येथपर्यंतचे वाचून कोणी असे समजेल की सोबती म्हणजे आपल्याकडून अधिक काम करवून घेणारा माणूस. माझा अनुभव आणि व्यायामशास्त्र दोन्ही सांगतात की त्याचा खरा उपयोग आपल्याला सावकाश ठेवण्यात आहे. सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या, तर त्यांची साधारण 80 टक्के सत्रे हलक्या श्रमाची असतात, कारण स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे आणि पेशींमधील ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका यांची वाढ बराच वेळ केलेल्या हलक्या श्रमानेच चांगली होते आणि त्याची किंमत म्हणून दुसऱ्या दिवशी अंग मोडून येत नाही. हौशी माणूस नेमके येथे चुकतो. हलक्या दिवशी तो थोडा जास्त जोर लावतो आणि जोराच्या दिवशी थकलेला असतो. हलके म्हणजे किती हलके, याचे मोजमाप घड्याळापेक्षा सोबत्याकडे अधिक विश्वासार्ह असते. आपण बोलतो ते उच्छ्वासावर, आणि एक पूर्ण वाक्य म्हणायचे तर श्वास काही सेकंद लांबवावा लागतो. श्रम एका उंबरठ्यापलीकडे गेले की स्नायूंत तयार होणारे आम्ल रक्तातील बायकार्बोनेटकडून शोषले जाते, त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास झपाट्याने वाढतो. मग वाक्य अर्ध्यात तुटते. म्हणूनच माझा सोबती लांब पल्ल्याच्या सायकलीवर अधूनमधून म्हणतो, "दादा, बोलत राहा." ही विचारपूस नसून माझ्या उंबरठ्याची चाचणी आहे.

या चाचणीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अर्धे चाक पुढे राहणारा सोबती. शेजारून चालवताना तो तुमच्यापेक्षा अर्धे चाक पुढे असतो, तुम्ही बरोबरी साधली की तो पुन्हा अर्धे चाक पुढे सरकतो, आणि नेरुळ येईपर्यंत हलकी म्हणून निघालेली फेरी शर्यत झालेली असते. त्याला स्वतःला याची कल्पनाही नसते. क्योलरच्या प्रयोगातील तोच मध्यम फरक येथे रविवारची सकाळ फुकट घालवतो.

सोबत्याचे आणखी एक काम आहे, आणि आपल्या किनारपट्टीवर ते जिवाशी निगडित आहे. सायकल चालवताना अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे 20 ते 25 टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते आणि उरलेली उष्णता बनते. एक लिटर घाम पूर्ण बाष्पीभूत झाला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो, पण मे महिन्याच्या दमट सकाळी ठाण्यात घाम बाष्पीभूत होत नाही, नुसता ठिबकतो आणि ठिबकलेल्या घामाने अंग थंड होत नाही. शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या पुढे गेले की मेंदू गोंधळू लागतो, आणि गोंधळलेला मेंदू स्वतःच्या गोंधळाची नोंद घेऊ शकत नाही. गेल्या मे महिन्यात सायकलीनंतर लगेच धावण्याचा, ज्याला आम्ही ब्रिक म्हणतो, तो सराव उपवन तलावाभोवती करत असताना सोबत्याने मला सायकलच्या कुलपाची किल्ली कोठे आहे असे विचारले, आणि मी कार्यालयाच्या कपाटाबद्दल काहीतरी सांगू लागलो. मला आपण अगदी ठीक आहोत असेच वाटत होते. त्याने मला झाडाखाली बसवून डोक्यावर आणि मानेवर दोन बाटल्या पाणी ओतले आणि माझे बोलणे ताळ्यावर येईपर्यंत हलू दिले नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही दर वीस मिनिटांनी एकमेकांना आज वार कोणता, असे विचारतो. उत्तर देण्याआधी विचार करावा लागला, तर तेथेच थांबायचे.

गंमत अशी की ज्या दिवसासाठी हे सारे चालते, त्या दिवशी सोबत्याला जवळ राहता येत नाही. पाण्यात दुसऱ्याच्या मागे राहण्यास मुभा असते, पण हौशी स्पर्धकांच्या सायकल टप्प्यात पुढच्या सायकलपासून साधारण 10 ते 12 मीटर अंतर राखणे बंधनकारक असते आणि ते मोडणाऱ्याला दंड म्हणून थांबावे लागते. वर्षभर दुसऱ्याच्या आडोशाने सराव केलेल्या माणसाला तेथे पहिल्यांदा कळते की आपला ताशी 30चा वेग काही अंशी उसना होता. म्हणून दर चौथ्या रविवारी पाम बीचवर आम्ही मुद्दाम सहा सायकलींच्या लांबीएवढे अंतर ठेवतो. समोरचा वारा तेव्हा थेट छातीवर येतो, वेग तीन-चार किलोमीटरने उतरतो आणि बोलणे तर शक्यच नसते. एवढ्या अंतरावरूनही त्याचे खड्डा दाखवणारे बोट मात्र दिसते.