माशी, खाच आणि साडेपाचशे मीटरवरचं हरीण

एल्मर कीथ हा अमेरिकेतल्या आयडाहोचा शिकारी आणि लेखक. .४४ मॅग्नम हे दणकट काडतूस १९५५-५६ मध्ये बाजारात आलं, त्यामागे त्याचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. दुसऱ्याच्या गोळीने जखमी होऊन पळणारं हरीण आपण ६०० यार्डांवर, म्हणजे जवळपास साडेपाचशे मीटरवर, रिव्हॉल्व्हरने टिपलं, असं तो सांगे. झाडलेल्या गोळ्यांपैकी दोन लागल्या. कुणी याला थाप म्हणतं, कुणी दैवी नेम. मला त्यात दहावीचे समरूप त्रिकोण दिसतात, आणि ते बघताना अजूनही हरखायला होतं.

आधी गुरुत्वाकर्षण. साडेपंधरा ग्रॅमची .४४ मॅग्नमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने सुटते. बोथट तोंडामुळे हवा तिला अडवते, आणि नव्वद मीटरवर वेग ३३० च्या आसपास, म्हणजे आवाजाच्याही खाली येतो. साडेपाचशे मीटर गाठायला तिला दोनेक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून पंधरा-वीस मीटर खाली येते, म्हणजे पाच-सहा मजले. मग हरणावर नेम धरायचा तरी कसा?

रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा उंचवटा, असते आणि मागे, डोळ्याच्या बाजूला, खाच. दोघींत अंतर जेमतेम २० सेंटिमीटर. एका पट्टीवर तेवढ्या अंतराने दोन टाचण्या उभ्या लावा, हात लांब करून त्यांच्या टोकांवरून दूरचा विजेचा खांब बघा. पुढची टाचणी एक मिलिमीटर वर सरकवली, की १०० मीटरवर ती रेषा अर्धा मीटर हलते. लहान त्रिकोण २० सेंटिमीटरचा, मोठा १०० मीटरचा, पट ५००. साडेपाचशे मीटरला तोच पट २७५० होतो. अठरा मीटरची घट भरून काढायची, तर माशी खाचेच्या वर साडेसहा मिलिमीटर काढायची आणि हरीण माशीच्या डोक्यावर टेकवायचं. कीथ हेच करायचा. किती वर काढली ते कळावं म्हणून माशीवर आडव्या रेघा असाव्यात, असं तो सांगे.

पण जो पट मदत करतो, तोच नडतो. हात जाड केसाइतका, ०.१ मिलिमीटर, चळला तर तिथे २७ सेंटिमीटरची चूक. हरणाचं काळीज-फुप्फुसं मिळून जागाच साधारण २५ सेंटिमीटरची! शिवाय गोळी तोवर उतरणीला लागलेली असते. अंतराचा अंदाज दहा मीटरने हुकला, तर ती चाळीसेक सेंटिमीटर वर किंवा खाली जाते. दोन सेकंदांत हरीणही जागचं हलतं.

इथे मोठ्या काडतुसाचा काहीच उपयोग नाही. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडतो, आणि जाहिरातीही 'लोळवणारी ताकद' विकतात. हिशेब करा: नव्वद मीटरवर या गोळीचा संवेग पाचेक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. साठ किलोच्या हरणाला त्यातून वेग मिळेल सेकंदाला आठ-नऊ सेंटिमीटर. एवढ्याने जनावर लोळत नाही. ते मरतं जखम कुठे होते त्यावर, आणि पोटात गोळी घेऊन पळालेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. कीथचं हरीण आधीच जखमी होतं, म्हणून त्याचं झाडणं मला समजतं. धडधाकट जनावरावर इतक्या लांबून गोळी टाकणं मला क्रूर वाटतं.

१९६७ साली आलेल्या थॉम्पसन/सेंटर कंटेंडर या एकबारी पिस्तुलाने अंतर खरंच वाढवलं. त्यात रायफलची काडतुसंही चालतात आणि वर दुर्बीण बसते. दुर्बिणीतली फुली आणि लक्ष्य डोळ्याला एकाच प्रतलात दिसतात, त्यामुळे माशी-खाच जुळवण्याची चूक संपते. रायफलची अणकुचीदार गोळी लवकर पोचते, म्हणून पडतेही कमी. हाताची थरथर मात्र उरते. म्हणून असे शिकारी पिस्तूल पिशवीवर नाहीतर गुडघ्यावर टेकवूनच चाप ओढतात.