यू-बूटची पंचवीस वर्षे : जडणघडण आणि डागडुजी

घरातला वायफाय राउटर, गाडीतला नकाशा दाखवणारा पडदा किंवा कारखान्यातील यंत्राचा नियंत्रक सुरू केला, की त्यातील लिनक्स लगेच कामाला लागत नाही. वीज मिळते त्या क्षणी बाहेरची डीडीआर मेमरी वापरण्याजोगी नसते, घड्याळांच्या वारंवारता ठरलेल्या नसतात आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फ्लॅशमध्ये आहे, कार्डावर आहे की नेटवर्कवरून आणायचा आहे, हे प्रोसेसरला ठाऊक नसते. ही सगळी पूर्वतयारी करून कर्नल मेमरीत उतरवणे आणि त्याच्या हाती सूत्रे सोपवणे हे बूटलोडरचे काम. पर्सनल कॉम्प्युटरमध्ये ते आधी बायोसने आणि पुढे यूईएफआयने केले. तिथे सगळ्या मदरबोर्डांचा व्यवहार बराचसा सारखा असल्याने कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांना खालच्या तपशिलांत फारसे शिरावे लागले नाही. एम्बेडेड क्षेत्रात, म्हणजे उपकरणांत बसवलेल्या संगणकांच्या दुनियेत, असा समान पाया कधीच नव्हता, कारण इथे प्रत्येक बोर्ड वेगळा असतो. या क्षेत्रात सर्वत्र पसरलेल्या यू-बूट या मुक्तस्रोत बूटलोडरचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या उणिवेशी दिलेली झुंज आहे. तीत नव्या सोयी जोडण्यापेक्षा जुना कोड आवरण्यात अधिक श्रम खर्ची पडले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते प्रकल्प टिकला तो त्यामुळेच.

सुरुवात पॉवरपीसी प्रोसेसरांपासून झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दूरसंचार उपकरणांत मोटोरोलाच्या एमपीसी८एक्सएक्स मालिकेतील चिप मोठ्या प्रमाणावर वापरल्या जात होत्या, आणि त्यांच्यासाठी माग्नुस डाम यांनी ८एक्सएक्सरॉम नावाचा छोटा बूटलोडर लिहिला होता. म्युनिकजवळील डेंक्स या कंपनीचे वोल्फगांग डेंक यांनी तो कोड हाती घेऊन सोर्सफोर्ज या मुक्तस्रोत प्रकल्पांच्या संकेतस्थळावर नेला; तिथे प्रकल्पाचे नाव अंकाने सुरू करण्याची मुभा नसल्याने त्याचे नामकरण पीपीसीबूट असे झाले. जुलै २००० मध्ये त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. एआरएम प्रोसेसरांसाठी याच कोडपासून आर्मबूट नावाची वेगळी शाखा फुटली, परंतु दोन्हीकडे एकाच प्रकारच्या दुरुस्त्या दोनदा कराव्या लागू लागल्याने त्या पुन्हा एकत्र आणण्यात आल्या, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये पॉवरपीसी, एआरएम व एक्स८६ या तिन्ही घराण्यांना सामावणारा प्रकल्प यू-बूट या नावाने उभा राहिला. पुढच्या दीड वर्षात एमआयपीएस, निओस, कोल्डफायर आणि मायक्रोब्लेझ यांची त्यात भर पडली.

सुरुवातीच्या काही निर्णयांनी प्रकल्पाचे पुढचे रूप ठरवले. सिरियल केबल जोडून आज्ञा देता येतील असा छोटा कन्सोल, टीएफटीपी या साध्या फाइल-हस्तांतरण पद्धतीने नेटवर्कवरून कर्नल आणण्याची सोय आणि फ्लॅशच्या एका कोपऱ्यात साठवलेली चले, ज्यांना यू-बूटमध्ये एन्व्हायर्नमेंट म्हणतात, ही त्रिसूत्री तेव्हापासून कायम आहे. चले साठवताना सीआरसी३२ ही पडताळणीची बेरीज सोबत लिहिली जाते. ती जुळली नाही तर बूटलोडर मूळ चलांवर परत जातो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तरी उपकरण अडकू नये म्हणून दोन प्रती आलटून पालटून वापरण्याची सोयही आहे. कोडचा काही भाग लिनक्स कर्नलमधून घेतलेला असल्याने परवाना जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा राहिला. प्रत्येक फाइलच्या माथ्यावरील परवान्याचा लांबलचक मजकूर काढून त्याजागी एसपीडीएक्स या परवाने नोंदवण्याच्या मानकाची एका ओळीची खूण लावण्याचे काम यू-बूटने २०१३ मध्येच केले. लिनक्स कर्नलने ते २०१७ मध्ये हाती घेतले.

बोर्डाचा तपशील कुठे ठेवायचा, हा मात्र पहिल्या दशकातला न सुटलेला प्रश्न होता. त्या काळात प्रत्येक बोर्डासाठी एक हेडर फाइल असे आणि मेमरीचा पत्ता, फ्लॅशचा आकार, कोणते ड्रायव्हर हवेत, कोणत्या आज्ञा हव्यात हे सारे तीत मॅक्रो, म्हणजे नाव दिलेल्या ठरावीक किमती, म्हणून लिहिलेले असे. नवा बोर्ड आला, की अभियंता जवळात जवळची फाइल उचलून तिची नक्कल करी, चार आकडे बदली आणि पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवून मोकळा होई. नक्कल करताना अनावश्यक मॅक्रोही सोबत येत, आणि ते काय करतात हे मूळ लेखक निघून गेल्यावर कोणालाच सांगता येत नसे. यात आळसापेक्षा नाइलाजाचा भाग मोठा होता. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला उत्पादन बाजारात आणायचे असते, बूटलोडर एकदा फ्लॅशमध्ये उतरला की त्याला हात लावायला कोणी धजावत नाही, कारण तोच बिघडला तर उपकरण घरी बसून दुरुस्त करता येत नाही. म्हणून तो कोड पुढे कोणी वाचेल असे गृहीत धरूनच लिहिला जात नव्हता.

ड्रायव्हरांची गत याहून अवघड होती. आयटूसी या चिपांना जोडणाऱ्या बसवरून वाचण्याचे फंक्शन सगळ्या ड्रायव्हरांमध्ये एकाच नावाचे असे, त्यामुळे एका बायनरीत एकाच प्रकारचा आयटूसी नियंत्रक बसू शकत होता. बोर्डावर दोन वेगळ्या जातींचे नियंत्रक असले तर जुगाड करावे लागे. या रचनेला कंटाळलेल्यांपैकी एक गट वेगळा झाला. पेंगुट्रॉनिक्स या कंपनीचे साशा हाउअर यांनी लिनक्सच्या धर्तीवर केकॉन्फिग ही पर्याय निवडण्याची यंत्रणा, फाइलसारखी उपकरणे आणि नीटस ड्रायव्हर रचना असलेली यू-बूट व्ही२ ही शाखा उभी केली, आणि २००९ च्या अखेरीस तिचे नाव बेअरबॉक्स झाले. बेअरबॉक्स आजही सुस्थितीत आहे आणि रचनेच्या दृष्टीने त्याने घेतलेले निर्णय बरोबर होते हे यू-बूटनेच पुढे तीच वाट धरून मान्य केले. परंतु बोर्डांची संख्या आणि चिप कंपन्यांची सवय यू-बूटच्या बाजूने होती, आणि या क्षेत्रात सवयीचे वजन भारी पडते.

दरम्यान प्रकल्पाचे व्यवस्थापन बदलत होते. १.३.४ नंतर आकड्यांची आवृत्ती सोडून वर्ष आणि महिना यांवर आधारित नावे आली आणि २००८.१० ही तशी पहिली आवृत्ती ठरली. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत दर दोन महिन्यांनी आवृत्त्या निघाल्या. २०१९ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे वेळापत्रक स्थिरावले. प्रत्येक प्रोसेसर घराण्यासाठी आणि उपप्रणालीसाठी वेगळा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, नेमून त्याच्या झाडातून, म्हणजे कोडच्या त्याच्या प्रतीतून, पॅच वर खेचण्याची पद्धत रुळली. डेंक यांनी २०१२ मध्ये मुख्य मेंटेनरपद टॉम रिनी यांच्याकडे सोपवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेंक यांचे निधन झाले.

२०१० च्या दशकाच्या सुरुवातीस एआरएम चिपांचा पूर आला आणि एक नवी अडचण पुढे आली. चिपच्या आतील रॉम बूटलोडरला एसरॅम या आतल्या चिमुकल्या मेमरीत उतरवतो, आणि ऑलविनर या कंपनीच्या अनेक चिपांमध्ये त्यासाठी उपलब्ध जागा अवघी २४ किंवा ३२ किलोबाइट आहे. पूर्ण यू-बूट मात्र काहीशे किलोबाइटांचा. म्हणून त्याच स्रोतातून आधी एक छोटा अवतार तयार करायचा, त्याने फक्त डीडीआर मेमरी सुरू करायची आणि मग पूर्ण यू-बूट तीत उतरवायचा, अशी एसपीएल नावाची पायरी रूढ झाली. नॅन्ड फ्लॅशसाठी अशा सोयी आधीपासून तुटकपणे होत्या, त्यांना २०११ च्या आसपास एक सामाईक चौकट मिळाली. बीगलबोन या बोर्डाच्या कार्डावर दिसणारी एमएलओ नावाची फाइल म्हणजे हीच पहिली पायरी. ६४ बिटांच्या एआरएम चिपांवर पुढे सुरक्षित भागासाठी ट्रस्टेड फर्मवेअर-ए आणखी मध्ये आले, आणि एकेकाळी एका फाइलचा असलेला बूटलोडर तीनचार तुकड्यांचा झाला.

घराच्या पायाची दुरुस्ती माणसे आत राहत असताना करावी, तसे काम २०१४ पासून सुरू झाले. मासाहिरो यामादा यांच्या पुढाकाराने २०१४.१० या आवृत्तीत लिनक्सची केकॉन्फिग यंत्रणा आली, आणि हेडर फाइलींमधील मॅक्रो एकेक करून तिच्यात हलवायचे ठरले. हलवणारी स्क्रिप्ट लिहिली गेली, तरीही हजारो नावे उरली. त्यांची एक यादी करून ठेवण्यात आली आणि यादीत नसलेले नवे तात्पुरते नाव कोणी वापरले तर बिल्डच, म्हणजे कोडपासून बायनरी तयार करण्याचे कामच, अडावा, अशी तपासणी बसवण्यात आली. त्यामुळे यादी फक्त आखडू शकत होती, वाढू शकत नव्हती. २०२२ च्या अखेरीस उरलेल्या नावांना वेगळा उपसर्ग देऊन हे स्थलांतर तडीस नेले गेले. आठ वर्षांच्या या कामातून वापरकर्त्याला दिसेल असे काहीही निर्माण झाले नाही, आणि तरीही या प्रकल्पाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम कोणते असे विचारल्यास बोट याच्याकडेच दाखवावे लागेल.

सायमन ग्लास यांनी २०१४ मध्ये आणलेल्या ड्रायव्हर मॉडेलचा प्रवास अधिक खडतर होता. प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठी एक वर्ग, त्याखाली कितीही ड्रायव्हर आणि जोडणी डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीतून, अशी ती रचना आहे. नवे ड्रायव्हर नव्या पद्धतीने लिहिणे सोपे होते. जुन्या बोर्डांचे काय करायचे हा प्रश्न होता. त्यांपैकी अनेकांचे मेंटेनर उत्तर देत नव्हते, काहींचे हार्डवेअर कोणाकडेच उरले नव्हते. अखेर मुदती जाहीर झाल्या. मेमरी कार्डाच्या ड्रायव्हरसाठी २०१९.०४, यूएसबीसाठी २०१९.०७, आणि मुदतीत बदल न झाल्यास बोर्ड काढून टाकला जाऊ शकतो, असा इशारा बिल्ड करतानाच पडद्यावर उमटू लागला. मुदती बऱ्याचदा पुढे ढकलल्या गेल्या, पण शेवटी जुने बोर्ड मोठ्या संख्येने वगळले गेले. एव्हीआर३२ आणि ब्लॅकफिन ही प्रोसेसर घराणी तर २०१७ मध्येच निघून गेली होती. एखाद्या चालू उपकरणाचा आधार काढून घेणे कठोर वाटते. तथापि ज्या कोडची कोणी चाचणी घेत नाही तो ‘समर्थित’ म्हणून मिरवत ठेवणे हे अधिक फसवे आहे.

एवढे बदल न मोडता करता आले ते चाचण्यांमुळे. २०११ मध्ये आलेल्या सँडबॉक्समुळे यू-बूट साध्या लिनक्स संगणकावर एखाद्या प्रोग्रामसारखा चालवता येतो, आणि फाइलप्रणाली, नेटवर्क किंवा ड्रायव्हर मॉडेल यांच्या चाचण्यांसाठी बोर्ड लागत नाही. बिल्डमॅन हे साधन हजाराहून अधिक बोर्डांचे बिल्ड करून कोणत्या पॅचने कोणाचा आकार किती बाइटांनी वाढला ते दाखवते. एसपीएलच्या तुटपुंज्या जागेत तो आकडा निर्णायक असतो.

डिव्हाइस ट्री ही यू-बूट आणि कर्नल यांच्यातील सीमेवरची गोष्ट. पॉवरपीसी लिनक्सने ती २००५ च्या सुमारास स्वीकारली; एआरएममध्ये बोर्डनिहाय कोडच्या गर्दीवर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मार्च २०११ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केल्यानंतर तिकडेही वेग आला. यू-बूटनेही आपल्या ड्रायव्हरांसाठी तीच पद्धत धरली, पण वर्णनाच्या फाइली कर्नलमधून उचलून आपल्याकडे ठेवल्या, आणि दोन्ही प्रती हळूहळू एकमेकींपासून दुरावल्या. २०२४ मध्ये कर्नलच्या वर्णनफाइली जशाच्या तशा यू-बूटच्या झाडात नियमित आणण्याची व्यवस्था झाल्यावर ही दुहेरी नोंद संपण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी २०१६.०५ मध्ये अलेक्झांडर ग्राफ यांच्या कामातून यूईएफआयचा एक भाग यू-बूटमध्ये आला होता, त्यामुळे सुसे, फेडोरा, डेबियन यांसारख्या लिनक्स वितरणांना एआरएम बोर्डांवर पीसीसारखेच ग्रब या बूटलोडरमार्फत सुरू होता येऊ लागले.

सुरक्षिततेचा विचार तुलनेने उशिरा झाला. २०१३.०७ मध्ये सही तपासून कर्नल सुरू करण्याची, म्हणजे व्हेरिफाइड बूटची, सोय आली. सार्वजनिक किल्ली यू-बूटच्या स्वतःच्या डिव्हाइस ट्रीमध्ये असते आणि सही न जुळल्यास प्रतिमा नाकारली जाते. परंतु दाराला कुलूप लावले तरी आतला जुना कोड तसाच होता. २०१९ मध्ये सेमल या कंपनीच्या संशोधकांनी नेटवर्कच्या, मुख्यतः एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाचण्याच्या पद्धतीच्या, जुन्या कोडमध्ये १३ त्रुटी दाखवल्या. नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटमधील लांबीचा आकडा न पडताळता तेवढा मजकूर मेमरीत उतरवला जात होता. हा कोड विश्वासू प्रयोगशाळेतील नेटवर्क गृहीत धरून लिहिलेला होता, आणि तोच पुढे जगभरच्या उपकरणांत गेला.

मुख्य शाखेत दुरुस्ती झाली म्हणजे उपकरणात ती पोचली असे मात्र होत नाही. चिप कंपन्या एखादी आवृत्ती उचलून तिच्यावर आपले बदल रचतात आणि ग्राहकांना तीच देत राहतात. ऑलविनरच्या संचात दीर्घकाळ २०११.०९ होती, रॉकचिप या कंपनीची शाखा २०१७.०९ वर उभी आहे. सनक्सीसारख्या स्वयंसेवी गटांनी ऑलविनरच्या चिपांचा आधार मुख्य शाखेत स्वतः लिहिला. डीडीआर सुरू करण्याचा कोड हा त्यातला सर्वांत अवघड भाग आहे. रॉकचिपच्या आरके३३९९ या चिपसाठी तो मुख्य शाखेत खुला आहे, तर आरके३५८८ साठी अजूनही कंपनीची बंद फाइल जोडावी लागते.

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ पासून अंमलात आला असून त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादकाला विकलेल्या उपकरणातील त्रुटी ठरावीक काळ, सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे, दुरुस्त कराव्या लागतील. अनेक वर्षे जुन्या शाखेवर बसलेल्या कंपन्यांपुढे त्यामुळे दोनच मार्ग उरतात : प्रत्येक दुरुस्ती स्वतः मागे नेऊन आपल्या जुन्या शाखेत बसवणे, किंवा आपले बदल मुख्य शाखेत पाठवून तिच्यासोबत चालत राहणे.