शस्त्रांवरील मानवी नियंत्रण

रडारवर दिसलेला ठिपका शत्रूचा आहे का आणि त्यावर मारा करायचा का, हा निर्णय संगणकावर किती सोपवावा, हा आधुनिक युद्धनीतीतील एक मूलभूत प्रश्न आहे. हल्ली त्याची चर्चा कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ड्रोनांच्या निमित्ताने होते. पण क्षेपणास्त्रांचा वेग वाढून विचाराला काही सेकंदच उरू लागले, तेव्हाच तो उभा राहिला होता. ‘शेवटचे बटण माणूसच दाबतो’ हे त्यावर नेहमी मिळणारे उत्तर. ते पुरेसे नाही, हे पुढील घटनेवरून दिसते.

३ जुलै १९८८ रोजी ‘इराण एअर ६५५’ हे प्रवासी विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले. त्याच वेळी अमेरिकेची ‘व्हिन्सेन्स’ ही युद्धनौका खाली इराणी गनबोटींशी चकमकीत गुंतली होती. तिच्यावरील ‘एजिस’ ही त्या काळची अत्यंत प्रगत संगणकीय यंत्रणा होती. विमान वर चढत आहे, असे एजिसच्या नोंदी सांगत होत्या. नियंत्रण कक्षात मात्र ते एफ-१४ लढाऊ विमान असून खाली झेपावत येत आहे, असे कप्तानाच्या कानी घातले गेले. विमानाची उंची एका छोट्या पडद्यावर नुसत्या आकड्यांत उमटत होती. ती वाढते आहे की घटते आहे, हे आधीचा आकडा ध्यानात ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करून ठरवावे लागे, आणि तेही तोफा धडाडत असताना. उड्डाणानंतर साधारण सात मिनिटांत दोन क्षेपणास्त्रे सुटली आणि विमानातील सर्व २९० जण मरण पावले. त्यांत ६६ मुले होती. १० प्रवासी भारतीय होते.

इथे यंत्राचे मोजमाप बरोबर होते आणि निर्णय माणसाचाच होता. तरीही याला नियंत्रण म्हणता येत नाही. ज्याच्या हाती बटण आहे त्याला समजेल अशा रूपात माहिती, पडताळणीला अवधी आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी असतील तरच नियंत्रण खरे; एरवी पूजेला बसलेल्या यजमानाने ‘मम’ म्हणावे, तेवढाच माणसाचा वाटा उरतो. याउलट, २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांना उपग्रह यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. हल्ला झालाच तर तो पाचच क्षेपणास्त्रांचा कसा असेल, अशी शंका घेऊन त्यांनी तो इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती.

चूक यंत्राची असेल तर जबाबदार कोण, हे ठरवणे आणखी कठीण. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या ‘पॅट्रियट’ या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला चाल करून येणारे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत, ०.१ ही संख्या नेमकी लिहिता येत नाही. तिची शेपटी छाटावी लागते. शंभर तास यंत्रणा चालू राहिल्याने ती छाट साचत साचत सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांशाएवढी झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाते. दोष आधीच लक्षात आला होता. दुरुस्त आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

सैनिक व नागरिक यांत भेद करणे आणि अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी बेसुमार होऊ न देणे, ही युद्धविषयक कायद्याची तत्त्वे संगणकीय शस्त्रांनाही लागू आहेत. वापराची जबाबदारी माणसावरून यंत्रावर ढकलता येत नाही, हे तत्त्व जिनिव्हात पारंपरिक शस्त्रास्त्र करारातील देशांनी २०१९ मध्ये स्वीकारले; पण ते बंधनकारक नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०२१ मध्ये बंधनकारक नियमांची मागणी केली. माणसांनाच लक्ष्य करणाऱ्या स्वायत्त, म्हणजे लक्ष्य स्वतःच निवडून मारा करणाऱ्या, शस्त्रांवर बंदी हवी, ही तिची भूमिका सर्वांत स्पष्ट व रास्त वाटते. अशा शस्त्रांवर चर्चा करणाऱ्या जिनिव्हातील तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद २०१७ व २०१८ मध्ये भारताकडे होते. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरील ठराव १५२ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. ही चर्चा जिनिव्हातील करारांतर्गतच व्हावी, असे भारताचे म्हणणे आहे.