आखाती नोकरीच्या कागदांचा इतिहास

खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनच्या गावांत आखाती पैशावर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, मुलं शिकली. हा पैसा मिळवण्यासाठी आज जे कागद लागतात, त्यांतला जवळजवळ प्रत्येक कागद कुणाची तरी फसवणूक झाल्यावर आला आहे. म्हणून सही करण्याआधी त्यांचा इतिहास माहीत असावा.

आखाती किनाऱ्यावर 1960च्या दशकापर्यंत भारतीय रुपयाच चालायचा. सोन्याची तस्करी रोखण्यासाठी 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि बहुतेक अमिरातींनी तो सोडला. पुढे 1973-74 मध्ये तेलाचा भाव पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. रस्ते, बंदरं, रिफायनऱ्यांची कामं निघाली आणि वेल्डर, फिटर, सुतारांची भरती मुंबईत सुरू झाली.

त्या वेळी कायदा होता 1922चा, सिलोन-मलायाच्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांसाठी केलेला. मुंबईतल्या एजंटांना आवर घालायला तो पुरेसा नव्हता. म्हणून 1983चा उत्प्रवास कायदा आला. नोंदणीशिवाय भरती करणं गुन्हा ठरलं आणि कमी शिकलेल्यांना ठरावीक देशांत जाण्याआधी परवानगी बंधनकारक झाली. पासपोर्टवरचा 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी परवानगी हवी) शेरा तो हाच. दहावी पास असाल तर तो लागत नाही. दहावीचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं ते यासाठीही. सध्या एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये घेता येतात, 18 टक्के जीएसटी धरून 35,400. याहून जास्त मागितलं, किंवा पावती नाकारली, तर तिथेच थांबा.

1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं. अम्मानमार्गे सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना विमानांनी मुंबईत आणावं लागलं. वर्षानुवर्षांची बचत कुवेतच्या बँकांत अडकली. पगार दरमहा घरी पाठवत राहणं किती गरजेचं आहे, ते तेव्हा कळलं. कामगारांचा विमा मात्र 2003च्या अखेरीस आला. प्रवासी भारतीय विमा योजनेत आता अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाखांचं संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375. 'व्हिजिट' व्हिसावर, म्हणजे पाहुणा म्हणून जाऊन तिथे काम धरणाऱ्याची उत्प्रवासाची परवानगी झालेलीच नसते आणि विमाही हातचा जातो. विकत मिळणाऱ्या 'आझाद व्हिसा'चं वेगळंच दुखणं आहे: कागदावरचा मालक एक, काम दुसऱ्याकडे, त्यामुळे पगार बुडाला तर तक्रार कुणाविरुद्ध करायची हेच ठरत नाही.

सगळ्यात चिवट प्रश्न कफालाचा. राहण्याचा परवानाच मालकाच्या, म्हणजे कफीलच्या नावाशी बांधलेला. सौदीत कफीलने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची तक्रार, नोंदवली की कामगाराचा इकामा, म्हणजे हा राहण्याचा परवाना, निरुपयोगी होऊ शकतो. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. सौदीने मार्च 2021 पासून वर्षभराच्या नोकरीनंतर बदलाची वाट मोकळी केली, पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर तिच्याबाहेर राहिले. सगळ्यात जास्त अडकणारी माणसं हीच, ही गोष्ट फार खटकते.

करार हाती आला की आधी मूळ पगाराचा आकडा पाहा. अमिरातीत ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या मूळ पगाराएवढी मिळते, भत्ते त्यात धरत नाहीत. एकूण 1,800 दिरहॅम पगारात मूळ 1,000 आणि भत्ते 800 असतील, तर पाच वर्षांनी हाती येतात 3,500. संपूर्ण 1,800 मूळ असता तर 6,300 मिळाले असते. तोंडी ठरलेला आकडा आणि करारातला आकडा वेगळा निघाला, तर मुंबई सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या. तिथे उतरल्यावर पुढे आलेल्या अरबी करारावर सही करू नका.