पाषाणाखालचा क्षीण प्रतिध्वनी : सिस्मिक डेटाच्या रिझोल्यूशनची पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाड्यातील काळ्या पाषाणाखाली काय दडले आहे, हा प्रश्न केवळ भूशास्त्रज्ञांचा उरला नाही. पुढे किल्लारीजवळ घेतलेले ६१७ मीटर खोलीचे विंधनछिद्र ३३८ मीटर बेसाल्ट (हाच काळा पाषाण) ओलांडून, त्याखालच्या अवघ्या ८ मीटर जाडीच्या गाळाच्या थरातून स्फटिकी पायाखडकात उतरले. विंधनछिद्राला सापडलेला हा थर जमिनीवरून पाठवलेल्या कंपलहरींना दिसला असता का, असे विचारले की रिझोल्यूशनची, म्हणजे सिस्मिक डेटात (कंपलहरींच्या नोंदीत) किती बारीक तपशील वेगळा दिसतो याची, चर्चा नेमक्या जागी येते.

परावर्तित कंपलहरींवरून थर ओळखण्याचे प्रयोग १९२१ मध्ये जे. सी. कार्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमात केले. १९५० च्या दशकात नोंदीसाठी चुंबकीय फीत आली आणि १९६० च्या दशकात नोंद आकड्यांत होऊ लागली. रिझोल्यूशनबाबत आज विचारले जाणारे दोन प्रश्न या शेवटच्या बदलातून आले: लहर किती मिलिसेकंदांनी मोजायची आणि प्रत्येक मोजमाप किती बिटांत साठवायचे. सिस्मिक डेटा साठवण्याच्या १९७५ च्या सेग-वाय (SEG-Y) प्रमाणकाने ३२ बिटी मूल्ये रूढ केली खरी. परंतु १९८० च्या दशकात अर्थनिर्वचनाचे काम संगणकाच्या पडद्यावर आले, तेव्हा मेमरी फार महाग होती. १००० × १००० ट्रेसचा (ट्रेस म्हणजे एका जागची लहरीची नोंद), ६ सेकंदांचा आणि ४ मिलिसेकंदांनी मोजलेला घन, म्हणजे त्रिमितीय डेटा, घेतला तर १५० कोटी मूल्ये होतात. ३२ बिटांत ती सुमारे ६ जीबी जागा व्यापतात, ८ बिटांत दीड जीबी. म्हणून डेटा ८ बिटांवर आणण्याची पद्धत पडली.

बेसाल्टच्या प्रदेशात ही पद्धत महागात पडते. ८ बिटांत केवळ २५६ पायऱ्या असतात. लहर मुरमातून कठीण पाषाणात शिरते तेथे जोरकस परावर्तन होते. ते सर्वांत मोठे मूल्य धरून पायऱ्या आखल्या, तर पाषाणाखालून आलेला क्षीण प्रतिध्वनी एकदोन पायऱ्यांत चिरडला जातो, आणि मर्यादा खाली आखली तर वरची परावर्तने छाटली जाऊन त्यांची तुलना बिघडते. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. त्यामुळे थर पाहण्यासाठी निदान १६ बिट, आणि परावर्तनाच्या तीव्रतेवरून खडकाचे गुणधर्म काढायचे असतील तर ३२ बिट, असा आग्रह मराठवाड्यात धरायलाच हवा, असे माझे मत आहे.

मोजण्याच्या अंतराचा हिशेब वेगळा आहे. २ मिलिसेकंदांनी २५० हर्ट्झपर्यंतच्या, तर ४ मिलिसेकंदांनी १२५ हर्ट्झपर्यंतच्या लहरी नोंदता येतात. मात्र ठोस पाषाण, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि मधले तांबड्या मातीचे पट्टे यांच्या उतरंडीत उच्च वारंवारतेची ऊर्जा विखुरते. बेसाल्टमध्ये वेग सेकंदाला ५ किलोमीटर आणि वारंवारता २० हर्ट्झ धरल्यास तरंगलांबी २५० मीटर होते, आणि पाव तरंगलांबीच्या रूढ नियमाने सुमारे ६२ मीटरांहून पातळ थराचा माथा व तळ वेगळे दिसत नाहीत. ५० हर्ट्झ टिकले तरी ही मर्यादा २५ मीटर राहते. गाळाच्या थरातील वेग कमी असल्याने त्याच्यासाठी ती काहीशी खाली येते, तरीही ८ मीटरांचा थर तिच्याहून पातळच ठरतो, आणि २ मिलिसेकंदांची फाइल उघडल्याने त्यात फरक पडत नाही. किल्लारीसारखा थर नकाशावर आणायचा, तर सिस्मिक छेद (कंपलहरींवरून काढलेले जमिनीखालचे चित्र) ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाहतो, त्यातच विंधनछिद्राची नोंद छेदाशेजारी ठेवून तो आणावा लागतो.