फोर्लान, दिएगो
फोर्लान, दिएगो : (१९ मे १९७९). उरुग्वेचा ख्यातनाम फुटबॉल आघाडीपटू आणि २०१० च्या विश्वचषक स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूच्या ‘सुवर्ण चेंडू’ पुरस्काराचा मानकरी. जन्म माँटेव्हिडिओ येथे. त्याच्या आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो यांच्या मार्गदर्शनाखाली उरुग्वेने १९५९ व १९६७ मध्ये दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. वडील पाब्लो हे १९६७ च्या त्या संघात होते आणि १९६६ व १९७४ चे विश्वचषकही खेळले. दिएगो मात्र लहानपणी टेनिसमध्ये रमला होता. ती ओढ पुढेही टिकली व २०२४ मध्ये, ४५ व्या वर्षी, तो माँटेव्हिडिओतील व्यावसायिक टेनिस स्पर्धेत दुहेरीत उतरला.

अर्जेंटिनातील इंडिपेन्डिएन्ते क्लबकडून नाव मिळवल्यावर जानेवारी २००२ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. पहिला गोल करण्यास त्याला जवळजवळ आठ महिने लागले आणि इंग्लंडमध्ये त्याची हेटाळणी झाली. परंतु डिसेंबर २००२ मध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर त्याने केलेल्या दोन गोलांमुळे युनायटेडने तो सामना जिंकला आणि त्या हंगामाचे विजेतेपदही पटकावले. केवळ या काळावरून त्याची योग्यता ठरवणे अन्यायाचे आहे, हे स्पेनमध्ये दिसून आले. व्हियारेआलकडून २००४-०५ मध्ये २५ आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून २००८-०९ मध्ये ३२ गोल करून तो दोन्ही वेळा स्पॅनिश लीगमध्ये अव्वल ठरला. दोन्ही हंगामांत त्याला युरोपातील लीगमधील सर्वाधिक गोलांसाठीचा ‘सुवर्ण बूट’ पुरस्कार मिळाला. पहिल्या खेपेस तो थिएरी हेन्रीबरोबर विभागून होता. युरोपीय क्लबांच्या २०१० च्या युरोपा लीग स्पर्धेत उपांत्य फेरीत त्याच्याच जादा वेळेतील गोलामुळे लिव्हरपूल बाहेर पडले, तर फुलमविरुद्धच्या अंतिम सामन्यात माद्रिदचे दोन्ही गोल त्याचे होते.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात उरुग्वेचे प्रशिक्षक ऑस्कर ताबारेस यांनी त्याला सुआरेस व काव्हानी या आघाडीपटूंच्या किंचित मागे खेळवले. त्यामुळे मधल्या फळीतून चेंडू घेऊन चढाई रचणे, कॉर्नर व फ्री किक घेणे आणि दुरून फटके मारणे ही सारी कामे त्याच्याकडे आली. या स्पर्धेत वापरलेल्या ज्या ‘जाबुलानी’ चेंडूबद्दल गोलरक्षक व आघाडीपटू सारखेच तक्रार करीत होते, तो त्याच्याइतका फार थोड्यांना साधला. घानाविरुद्ध फ्री किकवर, नेदरलँड्सविरुद्ध डाव्या पायाच्या दूरच्या फटक्याने आणि जर्मनीविरुद्ध हवेतल्या चेंडूवर थेट प्रहार करून त्याने केलेले गोल पाहिले की त्याचे दोन्ही पायांवरील प्रभुत्व ध्यानात येते. स्पर्धेत त्याचे पाच गोल झाले. उरुग्वे १९७० नंतर प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले व चौथे आले; विजेत्या वा उपविजेत्या संघात नसतानाही सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच देण्यात आला आणि तो यथार्थच होता.

२०११ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि उरुग्वेने १५ व्यांदा हे अजिंक्यपद जिंकले. अशा रीतीने घराण्याच्या तिसऱ्या पिढीकडेही हा मान आला. ११२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३६ गोल करून २०१५ मध्ये तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला.

इंटर मिलान, ब्राझीलमधील इंटरनासिओनाल, जपानचा सेरेझो ओसाका व मायदेशीचा पेन्यारोल या क्लबांनंतर २०१६ मध्ये तो मुंबई सिटीचा मार्की (मुख्य आकर्षण असलेला) खेळाडू म्हणून इंडियन सुपर लीगमध्ये आला. अंधेरीच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली आणि मुंबईने तो सामना ५-० असा जिंकला. साखळी फेरीत मुंबई अव्वल राहिली, पण कोलकात्याविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले. दुसऱ्या सामन्यास तो मुकला आणि संघ बाहेर पडला. हाँगकाँगच्या किची क्लबकडून खेळल्यानंतर २०१९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली व पुढे पेन्यारोल आणि आतेनास या उरुग्वेतील क्लबांचे प्रशिक्षकपद सांभाळले.